ज्यू पद्धतीचा मुरवलेला हेरिंग घरी कसा करायचा

पोलंड, लिथुएनिया, युक्रेनमधल्या ज्यू घरांत हेरिंग हा थंड समुद्रातला चरबीदार मासा ताजा असा क्वचितच यायचा. तो यायचा लाकडी पिंपातून, मिठात दाबून भरलेला. स्वस्त, पोटभरीचा आणि समुद्रापासून कितीही आत नेला तरी न नासणारा. म्हणून या पदार्थाची सगळी घडण खारवलेल्या माशाभोवती आहे. मीठ मांस घट्ट आणि टिकाऊ करतं, पाणी ते मीठ परत ओढून घेतं, आणि त्यानंतर कुठे व्हिनेगर, साखर, कांद्याची पाळी येते. करणारे बहुतेक जण सगळा जीव मसाल्यात ओततात. पदार्थ बिघडतो तो मात्र मधल्या, पाण्याच्या टप्प्यात.

मासा निवडताना

हवा तो श्माल्ट्स हेरिंग. यिडिश या तिथल्या ज्यूंच्या भाषेत श्माल्ट्स म्हणजे चरबी. नाव ऐकून यात कोंबडीची चरबी घालतात असं काहींना वाटतं, तसं नाही. मासाच चरबीदार असतो, पूर्ण वाढलेला आणि अंगावर चरबी असताना पकडून मिठात घातलेला. मात्येस नावाने मिळतो तो कोवळा हेरिंग, गाबोळी धरण्याआधीचा आणि हलक्या मिठातला. तो फार नाजूक असतो. तेल-कांद्यासोबत लगेच खायला उत्तम, पण व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवला तर त्याचा लगदा होतो.

शक्यतो अख्खा मासा घ्या. काट्याला धरून असलेलं मांस भिजताना पसरत नाही, आणि नशिबाने नर मिळाला तर पोटातलं मिल्टही हाती लागतं (ही नराची वीर्यग्रंथी, तिचं काय करायचं ते पुढे). कातडी चंदेरी, पोट न फुटलेलं आणि मासा खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेला असावा. पोटाच्या कडांना गंजासारखा पिवळा-तपकिरी रंग दिसला तर तो ठेवून द्या. ती खवट झालेली चरबी असते, कितीही भिजवलं तरी तो वास जात नाही. पिंपातल्या हेरिंगचे कल्ले आणि आतडी बहुधा मासा पकडल्यावर लगेच काढलेली असतात, गाबोळी किंवा मिल्ट तेवढं आत राहू देतात. आतडी आतच असलेला खारा मासा घेऊ नका. १९८७ मध्ये न्यूयॉर्क आणि इस्रायलमध्ये कपचुंका नावाच्या, पोट साफ न करता खारवून वाळवलेल्या माशातून बोटुलिझमची विषबाधा झाली होती. आठ जण आजारी पडले, त्यातला एक दगावला.

कोशरच्या, म्हणजे ज्यू आहारनियमांच्या बाजूने हेरिंग सोपा आहे, कारण त्याला पर आणि खवले दोन्ही असतात. काटा काढलेले तुकडे विकत घेत असाल तर खवल्यांसकट कातडीचा निदान एक पट्टा अंगावर असू द्या, नाहीतर मासा कुठला हे ओळखायला काही उरत नाही. आणि मासा पार्वे आहे, म्हणजे मांसातही मोडत नाही आणि दुधातही नाही. म्हणूनच मीठ उतरवायला दुधात भिजवण्याची जी युक्ती इतरत्र वापरतात, ती इथे नको. पार्वे पदार्थ विनाकारण दुधाचा होऊन बसतो.

आधी गोठवणं

हेरिंगमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. हलक्या मिठातल्या हेरिंगमुळे माणसांना होणाऱ्या याच्या त्रासाचं वर्णन १९६० मध्ये नेदरलँड्समधून झालं. मुरवणाच्या व्हिनेगरमध्ये तो मरेलच याचा भरवसा नाही. त्यामुळे मासा आधी गोठवलेला होता का ते विचारा. नसेल तर उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवा आणि फ्रिजमध्येच सावकाश वितळू द्या. खारा मासा दगडासारखा कडक होत नाही, त्यातल्या मिठामुळे. तरी थंडी आपलं काम करते. फ्रीझर खरोखर उणे २० पर्यंत जातो का, हे थर्मामीटर ठेवून पाहा. बरेच घरगुती फ्रीझर उणे १८ वरच थांबतात.

खारा मासा मिळतच नसेल तर गोठवून वितळवलेला ताजा हेरिंग साफ करा आणि एक किलोला २५० ग्रॅम जाडं मीठ या मापाने थर देऊन फ्रिजमध्ये सहा-सात दिवस ठेवा. चव श्माल्ट्सइतकी खोल येत नाही, पण पदार्थ होतो. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात, त्याने पाणी गढूळ होतं. म्हणून साधं जाडं मीठच घ्या.

साफ करणं आणि भिजवणं

चार मासे घ्या, एकूण साधारण १.२ किलो. डोकं कल्ल्यांच्या मागे कापा, पोट शेपटीकडे चिरा. गाबोळी किंवा मिल्ट अलगद काढून बाजूला ठेवा. मग पोटाच्या आतला काळा पातळ पडदा सुरीच्या बोथट बाजूने खरवडून टाका. तो राहिला तर मुरवणात कडवटपणा उतरतो, आणि मग लोक दोष तमालपत्राला देतात.

मासे मोठ्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवून वर चार लिटर थंड पाणी घाला. भांडं फ्रिजमध्येच हवं. ओट्यावर ठेवलं तर मांस लिबलिबीत होतं, आणि धोकाही आहे. दर सहा ते आठ तासांनी पाणी पूर्ण बदला. नुसती भर घालून उपयोग नाही, कारण पाणी खारट झालं की ते माशातलं मीठ ओढणं थांबवतं. अख्ख्या माशाला सुमारे २४ तास लागतात, काटा काढलेल्या तुकड्यांना ८ ते १२.

पण तास हा फक्त अंदाज. खरी परीक्षा जिभेची. डोक्याच्या मागे, पाठीवर जिथे मांस सर्वात जाड असतं तिथून नखाएवढी पातळ चकती कापून चाखा. जिभेला मीठ बोचलं तर अजून सहा तास. मीठ जरा चढलेल्या सुपाएवढं खारट लागलं तर भिजवणं थांबवा. ‘अगदी बरोबर’ लागेपर्यंत वाट पाहू नका, कारण उरलेलं मीठ व्हिनेगर आणि कांदा आपल्याकडे खेचून घेणार आहेत. पूर्ण अळणी झालेला हेरिंग बरणीत गेला की नुसता आंबट-गोड लागतो, माशाची ओळखच जाते. खारटपणा एक वेळ पुन्हा भिजवून सुधारता येतो, अळणी झालेला मासा सुधारत नाही.

भिजल्यावर कातडी सोलायची असेल तर पाठीच्या परापाशी सुरीच्या टोकाने उचला आणि डोक्याच्या बाजूकडून शेपटीकडे ओढा, पातळ पापुद्र्यासारखी निघते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवत मांस मोकळं करा. मोठे काटे कण्यासोबतच सुटतात. केसासारखे बारीक राहतात ते व्हिनेगरमध्ये मऊ पडतात, त्यांच्यामागे लागून मांस फाडू नका. मग अडीच सेंटीमीटरच्या तुकड्या करा. याहून लहान केल्या तर कडा झिजतात. जुन्या पद्धतीत कातडी आणि काट्यासकट आडव्या तुकड्याही करतात. त्या जास्त चवदार असतात, पण खाणाऱ्याला सवय हवी.

मुरवण

पांढरं व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचं ४०० मिलिलिटर, पाणी ३०० मिलिलिटर, साखर १२० ग्रॅम, एक चमचा मिरी, दहा ऑलस्पाइसचे दाणे, एक चमचा पिवळी मोहरी, तीन तमालपत्रं. तमालपत्र लॉरेलचं, एकच मधली शीर असलेलं घ्या. तीन उभ्या शिरांच्या पानाला दालचिनीचा वास असतो आणि तो इथे बसत नाही. मीठ अजिबात नाही, ते मासा घेऊन येतो.

व्हिनेगर पाण्याहून जास्त ठेवण्याचं कारण सुरक्षितता. मासा आणि कांदा दोघंही पाणी सोडतात आणि आम्ल पातळ होतं. साखरेचं माप मात्र तुमचं. गालिसिया (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) आणि पोलंडच्या ज्यूंना गोडसर आवडायचं, लिथुएनियातल्यांना मिरीचा झटका. तिथे साखर ६० ग्रॅमवर आणा आणि मिरी दुप्पट करा. वाईन व्हिनेगर वापरलं तर त्यावर कोशरची खूण पाहा. पेसाख या ज्यू सणासाठी धान्यापासून काढलेलं व्हिनेगर चालत नाही.

पाणी, साखर आणि मसाला स्टीलच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात एक उकळी येईपर्यंत तापवा, उतरवून व्हिनेगर घाला आणि पूर्ण थंड करा. कोमट नव्हे, फ्रिजमधल्यासारखं थंड. गरम मुरवण ओतलं की माशाची बाहेरची बाजू शिजते, कडा पांढऱ्या पडतात आणि दोन दिवसांत तुकड्या सुटून येतात. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, धातूची चव उतरते.

दोन मध्यम कांदे, साधारण २५० ग्रॅम, पातळ चकत्यांत कापा. उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या एकेक लिटरच्या दोन बरण्यांत कांदा, मासा, थोडा मसाला असे थर द्या. सर्वात वर कांदाच. मग मुरवण ओता. चमच्याच्या दांड्याने कडेने टोचून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. एकही तुकडी वर तरंगता कामा नये. बरणी ४ अंशांवर किंवा त्याखाली, फ्रिजमध्ये.

मिल्टचा रस्सा

नर माशाच्या पोटातलं मिल्ट म्हणजे दोन गुळगुळीत, मलईच्या रंगाच्या लांबट पट्ट्या. ते फेकणं हे या पदार्थातलं सर्वात मोठं नुकसान आहे. दोन तास थंड पाण्यात ठेवा, वरचा पातळ पडदा आणि लाल शीर काढा, बारीक चाळणीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासून खाली उतरवा. चाळणीच्या तळाला जो घट्ट, पांढरा गोळा जमतो त्यात थंड मुरवण एकेक चमचा घालून फेटत जा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. चार-पाच चमचे जिरले की बाकीचं मुरवण मिसळा. सगळं दुधाळ होतं आणि तुकड्यांना धरून राहतं, दुधाचा थेंबही न घालता. क्रीमसारखा दाटपणा हवा आणि तरी पदार्थ पार्वे राहायला हवा, त्याला याहून चांगला मार्ग नाही. मात्र असा रस्सा आठवड्यात संपवा.

किती दिवस, आणि काय बिघडतं

दुसऱ्या दिवशी कांदा तयार असतो, मासा नसतो. चौथ्या दिवशी आम्ल तुकडीच्या मध्यापर्यंत पोचतं. कापून पाहिलं तर आतला काचेसारखा भाग जाऊन सगळीकडे एकसारखा धुरकट रंग दिसतो. सर्वात सुंदर चव चौथ्या ते दहाव्या दिवशी, पुढे तीन आठवड्यांपर्यंत खाता येतो पण मऊ पडत जातो. शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी किद्दुशला, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या फराळाला, किखल या कुरकुरीत बिस्किटासोबत वाढायचा असेल तर आधीच्या रविवारी भिजत घाला आणि सोमवारी बरणी भरा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत काही करायचं उरत नाही.

तुकड्या चामट झाल्या तर व्हिनेगर फार तीव्र होतं. लगदा झाला तर मासा कोवळा होता, नाहीतर भिजताना पाणी थंड नव्हतं. मुरवण गुलाबी दिसतं ते लाल कांद्यामुळे, त्यात बिघाड नाही. लिंबाच्या चकत्या घातल्या असतील तर दोन दिवसांनी काढा, सालाखालचा पांढरा भाग कडवट करतो. फेस आला, झाकण फुगलं किंवा पाणी तारेसारखं ओघळू लागलं तर चाखूनही पाहू नका, सगळं टाका.

आंबट क्रीममधला हेरिंग हवा असेल तर वाढायच्या दिवशीच करा. निथळलेल्या तुकड्या आणि कांदा यांना २०० मिलिलिटर आंबट क्रीम आणि तीन चमचे मुरवण लावा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. हा तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून अख्खी बरणी एकदम क्रीममध्ये घालू नका. शेपटीकडच्या बारीक, तुटक्या तुकड्यांना उकडलेलं अंडं, आंबट सफरचंद आणि कांद्यासोबत सुरीने बारीक चिरा, ते फोर्शमाक. मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याची पेस्ट होते आणि सफरचंद दाताखाली येत नाही.