नैराश्यावर वनस्पतींच्या अर्काची चाचणी घेताना या चुका टाळा

विदर्भातील तालुक्याच्या गावांत असलेल्या फार्मसी महाविद्यालयांत दरवर्षी कोणी ना कोणी एखादी रानवनस्पती निवडतो, तिचा अर्क उंदरांना पाजतो आणि 'नैराश्यरोधी गुणधर्म आढळला' असा निष्कर्ष लिहून प्रबंध सादर करतो. असे प्रबंध तपासताना माझ्या ध्यानात आले आहे की, प्रयोग बहुधा उंदीर पोहण्याच्या चाचणीसाठी पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधीच फसलेला असतो.

पहिली फसगत नावात होते. शंखपुष्पी म्हणून कोणी पांढऱ्या फुलांची कॉन्व्हॉल्व्ह्युलस आणतो, कोणी माळरानावरची निळ्या बारीक फुलांची विष्णुक्रांता, तर कोणी थेट कुंपणावरची गोकर्ण. ब्राह्मीचेही तेच, बाकोपा आणि मंडूकपर्णी या दोन्ही वनस्पती त्याच नावाने विकल्या जातात. फुलासह वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घ्यावा आणि त्याचा हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) क्रमांक प्रबंधात नोंदवावा. आठवडी बाजारातील पुडीवरून ओळख पटत नाही. वाळवणही सावलीतच व्हावे, कारण मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पसरलेल्या पाल्यातील उष्णतेने बिघडणारे घटक टिकतीलच असे नाही.

मालकांगोणीचे तेल किंवा तेलकट अर्क पाण्यात मिसळत नाही, म्हणून तो ट्वीन ८० किंवा सीएमसी अशा, तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या पदार्थांच्या साहाय्याने द्यावा लागतो. अशा वेळी नियंत्रण गटाला, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या उंदरांना, नुसते पाणी पाजले, तर फरक अर्काचा की माध्यमाचा, हे सांगता येत नाही.

आता पाण्याविषयी. संशोधक पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पोहण्याच्या चाचणीत उंदराला सहा मिनिटे पाण्यात ठेवतात आणि शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ निश्चल राहिला, हे मोजतात; ही निश्चलता हताशपणाची खूण मानली जाते. पाणी साधारण २३ ते २५ अंश सेल्सिअस असावे लागते. एका एप्रिलमध्ये आमच्या नियंत्रण गटाचे आकडे आधीच्या तुकडीशी मुळीच जुळेनात. अर्क, मात्रा, वजनकाटा, सारे तपासून झाल्यावर एका विद्यार्थिनीने सहज भांड्यात तापमापक बुडवला, तर तो ३६ अंश दाखवत होता! गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट नळाने भांड्यात येत होते. तेव्हापासून पाणी आदल्या दिवशी भरून ठेवणे, गरजेनुसार थंड करणे, प्रत्येक उंदरानंतर बदलणे आणि दर वेळी तापमान वहीत लिहिणे, हा आमचा नियम झाला आहे.

निश्चलता कमी झाली म्हणजे नैराश्य कमी झाले, असे समजणे ही मात्र सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कॅफिनसारखे उत्तेजक दिले तरी उंदीर अधिक धडपडतो. म्हणून त्याच मात्रेवर ॲक्टोफोटोमीटर या हालचाल मोजणाऱ्या यंत्राने उंदराची हालचाल मोजावी, इमिप्रामिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील प्रचलित औषधे दिलेला गट सोबत ठेवावा आणि कोणत्या उंदराला काय दिले हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडूनच चित्रफितीवरून वेळ मोजून घ्यावा. एकाच मात्रेनंतरच्या निकालावर थांबूही नये. माणसांत नैराश्यावरील औषधे गुण दाखवायला काही आठवडे घेतात. तेव्हा दीर्घकालीन सौम्य ताणाची आणि साखरपाण्याच्या पसंतीची (उंदराची गोडाची ओढ कमी झाली का, हे पाहणारी) चाचणी जोडली, तर दाव्याला थोडे वजन येते. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी प्रयोगाआधी घ्यायची असते, प्रबंध बांधायला देताना नव्हे.

शेवटचा घोळ मात्रेचा. उंदरातील प्रतिकिलो २०० मिलिग्रॅम ही मात्रा जशीच्या तशी माणसाला लावता येत नाही. ती सुमारे १२.३ ने भागतात. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ती जवळपास एक ग्रॅम अर्क होते, आणि अर्काचा उतारा (चूर्णातून मिळणाऱ्या अर्काचे प्रमाण) ८ टक्के असेल तर त्यासाठी सुमारे १२ ग्रॅम चूर्ण लागेल. हाही केवळ हिशेब आहे, माणसांसाठीची सुरक्षितता त्याने सिद्ध होत नाही. तरीही 'नैराश्यावर रानातले औषध' अशी बातमी छापून आली की गावात कोणीतरी चालू गोळ्या बंद करून चूर्ण सुरू करतो. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्यावरील काही गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिन हे शरीरातील रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि तिच्यामुळे यकृत इतर अनेक औषधांचा निचराही लवकर करते. म्हणून निकाल वार्ताहराला सांगताना 'हे उंदरांवरील निरीक्षण आहे, चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये' हे वाक्य आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आपणच लिहून द्यावा.