प्रभारीपण सांभाळत शाळा-प्रशासनाची ऑनलाइन पदवी: फॉर्म भरण्याआधी

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुख्याध्यापकाचं काम करणारे शिक्षक पुष्कळ, पण मुख्याध्यापकाचं पद असलेल्या प्राथमिक शाळा थोड्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 150 च्या वर आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक सांगितला आहे. वाडीवरच्या शाळेत एवढी मुलं कुठून आणायची? मग दोन शिक्षकांतला एक प्रभारी मुख्याध्यापक होतो. वर्ग घ्यायचा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरायचं, केंद्रप्रमुखांच्या फोनला उत्तर द्यायचं, सगळं त्याच्याच अंगावर. शालेय नेतृत्वाचं शिक्षण खरं तर याच माणसाला हवं आणि त्याने ते जरूर घ्यावं. फक्त मे महिन्यातच बसून थोडी तयारी करून ठेवावी.

आधी स्वतःला विचारा की पदवी कशासाठी हवी आहे. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकपद 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार पात्रता आणि सेवाज्येष्ठता बघून मिळतं. नवी पदवी घेतली म्हणून ज्येष्ठता यादीतला नंबर वर सरकत नाही. बढतीच्या आशेनेच पैसे भरणार असाल तर आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करा. शाळा नीट चालवता यावी म्हणून शिकणार असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मान्यता तपासण्यात अजिबात आळस नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिथे विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. तुमचाच अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धत आणि तुमचं प्रवेशाचं सत्र, तिन्ही जुळली पाहिजेत. आयोगाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा मुक्त शिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. एम.एड.चं वेगळं आहे, तिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता लागते, म्हणून एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. एकच समजू नका. एखादी कंपनी परदेशी विद्यापीठाची पदवी घरबसल्या देतो म्हणाली तर सावध राहा. अशा मान्यता नसलेल्या भागीदाऱ्यांबद्दल आयोगाने 2023 च्या डिसेंबरमध्येच इशारा दिला आहे. समोरचा माणूस 'आजच भरा, उद्या फी वाढेल' म्हणाला की फोन ठेवून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे भरण्याआधी फुकट मिळतं ते वाचून पाहा. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं शैक्षणिक व्यवस्थापनाचं साहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर आहे, नवी दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. एक घटक पूर्ण वाचा आणि त्यावर दोन पानं स्वतः लिहा. इंग्रजीत लिहिणं जड जात असेल तर ते इथेच कळेल; मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची मराठीतली शालेय व्यवस्थापन पदविका आधी करण्यात काही कमीपणा नाही.

परवानगी लेखी घ्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने अर्ज योग्य मार्गाने पाठवावा, संस्थेतल्याने संस्थेकडून पत्र घ्यावं आणि पोचेवर आवक क्रमांक बघून घ्यावा. तोंडी 'करा की' याला सेवापुस्तकात जागा नसते.

कागदपत्रांत बायकांची एक अडचण ठरलेली असते. दहावीपासून बी.एड.पर्यंत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ऑनलाइन प्रवेशाला आता डेब-आयडी (दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो आणि तो काढायला एबीसी-आयडी (श्रेयांक साठवणाऱ्या खात्याचा क्रमांक), तेव्हा नावातला फरक तिथेच आडवा येतो. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला आधीच स्कॅन करून ठेवा.

पावसाची तयारी वेगळी करावी लागते. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एवढं दर वर्षी होत नाही, पण जून-जुलैत लाईट जाणं नेहमीचंच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, राउटरपुरता छोटा इन्व्हर्टर आणि सत्राचे सगळे धडे आधीच उतरवून घेतलेले, एवढं हवंच. गडगडायला लागलं की चार्जर काढायचा. स्वाध्याय शेवटच्या दिवसावर टाकू नका. अंतर्गत मूल्यमापनाला 30 टक्क्यांपर्यंत गुण असतात, ते वीज नसल्यामुळे जाऊ देऊ नयेत.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तयारी. स्वाध्यायासाठी लागणारी माहिती आपल्या शाळेच्या कपाटात पडून असते, ती प्रवेशाआधीच बाहेर काढा. समजा, मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट घेतले. महिन्यावार बेरीज प्रत्येक शाळा करते. तुम्ही ती वाडीवार करा. जुलैची हजेरी घसरली आहे एवढं आधी दिसत होतं. वाडीवार मांडल्यावर दिसेल की गावठाणातली मुलं रोज येतात आणि गैरहजेरी जवळजवळ सगळी व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीची आहे. साकवाची (ओढ्यावरच्या छोट्या पुलाची) फळी गेली आहे आणि आई-बाप लावणीला, तर पोराला पलीकडे सोडणार कोण? मग 'पालकांमध्ये जागृती' हा ठराव बिनकामाचा ठरतो. ग्रामपंचायतीला साकवासाठी पत्र आणि शाळेच्या वेळेला मुलांना ओलांडून देणारं एक मोठं माणूस, एवढं लागतं. नेतृत्वाच्या पुस्तकातला 'माहितीवर आधारित निर्णय' तो हाच. लिहिताना मुलांची नावं मात्र गाळा.

शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्त वहीही तशीच वाचा. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. सह्या पूर्ण असतील, पण बोललं कोण याची नोंद क्वचित सापडते. आंब्याच्या हंगामात सकाळी अकराला बैठक लावली तर बागेत कामाला गेलेली आई येणार कशी, हा प्रश्न प्रकल्पाला पुरून उरेल.

राहिली परीक्षा. केंद्र कुठे आहे ते प्रवेशाआधी विचारा. घरून देता येणार असेल तर कॅमेऱ्यासमोर तीन तास अखंड नेट लागतं, तेव्हा तालुक्याच्या गावी एखाद्या नातेवाइकाची खोली बोलून ठेवा. केंद्र मुंबईला किंवा कोल्हापूरला असेल आणि परीक्षा पावसात असेल तर आदल्या दिवशी पोचा. दरड आली की घाट बंद, आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात हळू धावतात. गणपतीच्या आसपासची तारीख असली तर गाडीचं आरक्षण सुरू होईल त्याच सकाळी तिकीट काढा, आणि तेवढ्या दिवसांचा शाळेचा चार्ज कोणाकडे राहील ते सहशिक्षकाशी बोलून कागदावर घ्या.