ल्युअरचा रंग पोपडे धरायचा, त्याची गोष्ट

बाल्साच्या हलक्या लाकडाचे ल्युअर, म्हणजे मासे पकडायला गळाला लावायचे नकली मासे, मी हौसेने कोरतो. रंगवला की अगदी जिवंत मासा वाटायचा: हिरवट पाठ, चंदेरी कुशी, पांढरं पोट. पण चार-पाचदा पाण्यात टाकला की पोटाला फुगवटा यायचा आणि नख लावताच रंग सालीसारखा हातात. आधी मी रंगालाच बोल लावला, दोनदा बदललाही. काही उपयोग नाही.

शेवटी एक ल्युअर सुरीने उभा चिरला. गळ अडकवायच्या तारेच्या भोकाभोवती लाकूड काळपट, ओलसर! पाणी तिथून शिरत होतं, लाकूड फुगून रंग फोडत होतं.

आता कोऱ्या लाकडालाच आधी इपॉक्सीचा (दोन द्रव मिसळले की कडक होणारा, पाणी न शिरू देणारा लेप) पातळ हात देतो, तारही भोकात इपॉक्सी भरूनच बसवतो. वाळल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग अ‍ॅक्रिलिक रंग. वरून पुन्हा इपॉक्सी. ते घट्ट होईपर्यंत ल्युअर हळूहळू फिरवत राहायचं, नाहीतर ओघळून शेपटीशी थेंब जमतो. कंटाळवाणं काम आहे खरं.

एक नवीन भानगड मात्र झाली: ल्युअर जड होऊन तरंगेनाच. वजनासाठी पोटात घातलेलं शिसं थोडं कमी केलं, तेव्हा कुठे जुनी चाल परत आली.