दुखणे कागदावर असू द्या

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये संघ नवे खेळाडू ज्या निवडप्रक्रियेत घेतात, त्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्या संपल्या, माझे नाव आले नाही आणि त्यानंतर एका संघाचा फोन आला. अनड्राफ्टेड, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवड न झालेला खेळाडू म्हणून करार झाला, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी पेढे वाटले गेले. करारावरील किमान वेतनाच्या आकड्याने (2025 साली नवख्यांसाठी तो 8 लाख 40 हजार डॉलर होता) कृपया हुरळून जाऊ नये. हे वेतन हंगामाच्या 18 आठवड्यांत विभागून मिळते आणि हंगामापूर्वीच्या शिबिरातील 90 जणांपैकी अंतिम 53 जणांत असलात तरच हाती पडते.

शिबिराच्या तिसऱ्या आठवड्यात किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या लाथेच्या) सरावात माझ्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. ‘टबमध्ये बसून संघात जागा मिळत नाही’ हे वाक्य तिथे उठता-बसता ऐकवले जाते. म्हणून मी दुखापती पाहणाऱ्या ट्रेनरकडे गेलो नाही, हॉटेलच्या यंत्रातून बादलीने बर्फ आणून रात्री खोलीतल्या टबमध्ये बसलो आणि सकाळी मांडीला पट्टी आवळून मैदानात उतरलो.

इथेच मी फसलो. जखमी खेळाडूला संघ सरळ काढून टाकू शकत नाही. त्याला ‘जखमी’ अशा नोंदीसह सोडावे लागते, आणि दुसऱ्या कोणी उचलले नाही तर तो मूळ संघाच्या जखमी यादीत राहून कमी दराने का होईना वेतन घेतो, किंवा काही आठवड्यांचे पैसे ठरवून मोकळा होतो. हे सारे नोंदीवर अवलंबून असते आणि माझी पाटी कोरी होती. संघाने मला काढले, आणि डावपेचांचा आयपॅड परत घेतल्यावर झालेल्या शेवटच्या तपासणीतही, उद्या दुसरा संघ बोलावील या आशेने, ‘काही त्रास नाही’ असे लिहून मी सही केली. चित्रफितीत मात्र माझे लंगडणे स्पष्ट दिसत होते, त्यामुळे कोणीच बोलावले नाही.

चाळीस यार्ड धावण्याची वेळ घटवून देणाऱ्या महागड्या प्रशिक्षकांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही, आणि एजंट करारानंतर फोन उचलतोच असे नाही. त्यापेक्षा आठ-नऊ वर्षे राखीव म्हणून टिकलेल्या एखाद्या खेळाडूशेजारी जेवायला बसावे. कोणत्या दुखण्याची नोंद केव्हा करायची, हे त्याला नेमके ठाऊक असते.

काढले म्हणजे सगळे संपले असे मुळीच नाही. 53 जणांबाहेरच्या खेळाडूंसाठी संघाच्या सराव पथकात 16 जागा असतात आणि त्यांचे फोन बहुधा दुसऱ्याच दिवशी येतात. मी रागाच्या भरात त्याच रात्री विमान पकडले होते. तुम्ही निदान दोन दिवस गाव सोडू नका.