परवान्याची बंदूक घरी ठेवताना

लॉकर कितीही दणकट घ्या, चावी देवघरातल्या डब्यात असेल तर तो उघडाच समजा. घरातल्या पोरांना ती जागा केव्हाच ठाऊक झालेली असते. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही चाव्या फक्त परवानाधारकाजवळ. परवाना माणसाला मिळतो, कुटुंबाला नाही.

आत ठेवण्याआधी शस्त्र रिकामं करा. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, आधी काढायचं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, नंतर मागे ओढायची. क्रम उलटला तर नळीतलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं आत सरकतं. रिकामं समजून चाप ओढला की गोळी सुटते. दुनळी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का बघा, मागच्या तोंडाशी बोट घालूनही चाचपा. मग नळ्या आणि दस्ता सुटे करून ठेवा.

लॉकर लोखंडी, आतून बोल्ट मारता येणारा हवा. भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, म्हणजे पहार घालायला जागा उरत नाही. १२ मिमीचे चार अँकर बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जायला हवेत. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेला बोल्ट एका हिसक्यात निघतो. हलका लॉकर न ठोकता ठेवला तर चोर तो उचलूनच नेतात.

आता गंजाचं. नागपुरात लोक फक्त पावसाळ्याला जपतात, पण मे महिन्यात ४५ अंशांत कुलर लावला की खोलीभर दमट हवा फिरते आणि ऐन उन्हाळ्यात नळीवर लाल ठिपके येतात. म्हणून लॉकर कुलरच्या खोलीत नको. बंदूक चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात. हाताच्या घामाचे डाग पुसा, गन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा. लांब बंदूक तोंड खाली करून ठेवली तर तेल लाकडी दस्त्यात मुरत नाही. लॉकरमध्ये ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, तेही रंग बदलणारं घ्या. निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. जुनी कागदी काडतुसं ओलीनं फुगतात, नळीत अडकतात. ती ठोकून बसवू नका.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, परवाना ५ वर्षांचा असतो. वारसाहक्कानं आलेलं शस्त्रही या दोनांतच मोजलं जातं. परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवून कागदपत्रांची वाट बघू नका; ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. नागपूर शहरातून ग्रामीण भागात, समजा काटोलला, राहायला गेलात तर नवा पत्ता नोंदवून घ्या. शस्त्र हरवलं तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. परवान्याच्या अटी मोडल्यास शिक्षा होऊ शकते.

सुट्टीत घर बंद करून जाणार असाल तर बंदूक विक्रेत्याकडे ठेवणं बरं. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि परत आणताना ती समोर मोजून घ्या.