गणपतीला गावी जाताय आणि घरात डायलिसिसचं पेशंट आहे? आधी स्लॉट, मग तिकीट

कोकणात जायचं तर रेल्वेच्या तिकिटाआधी डायलिसिसचा स्लॉट पक्का करा, कारण तिथे मशीन मोजक्या आणि रोजचे पेशंट ठरलेले, बाहेरच्याला जागा उरली तरच. रत्नागिरी, सिंधुदुर्गला सरकारी जिल्हा रुग्णालयात डायलिसिस होतं, प्रायव्हेटही बघा, पण तीन-चार आठवडे आधी फोन करा आणि तारीख-वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, नुसतं "या, बघू" यावर निघू नका.

सगळं अडतं ते रिपोर्टवर. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही ताजे लागतात, किती ताजे ते सेंटरलाच विचारा. बी किंवा सी पॉझिटिव्ह असेल तर पहिल्याच फोनवर सांगून टाका, वेगळी मशीन लागू शकते. आपल्या सेंटरकडून एक पत्र घ्या ज्यात ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) डोस, कुठला डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), फिश्चुला (हातातली ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) की कॅथेटर (रक्तवाहिनीत घातलेली नळी), अ‍ॅलर्जी असं सगळं येईल, सोबत शेवटच्या दोन-तीन सेशनच्या शीट. डायलायझर पुन्हा वापरत असाल तरी तिथे नवाच लागेल असं धरून चला. इरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवणारं) इंजेक्शन आइस पॅकच्या डब्यात, पण बर्फाला चिकटवून नको, गोठलं की वाया.

निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस करून घ्या, हायवे कधी तुंबेल सांगता येत नाही. आणि गावी शहाळं, केळी प्रेमाने पुढे येणारच, त्यात पोटॅशियम भरपूर, ते या पेशंटच्या रक्तात साठतं, म्हणून पोटॅशियमचं नाव काढून सरळ नाही म्हणा, कोणी रुसलं तर रुसू दे.