संदिग्ध मंत्राचा अर्थ कसा लावावा

टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळात, एखाद्या मंत्रावरून वाद पेटतो, तेव्हा बहुतेक वेळा पुस्तक बंद असते आणि प्रत्येक जण आठवणीतून बोलत असतो. म्हणून मंत्राचे वर्णन सर्वांना ऐकू येईल असे संपूर्ण वाचावे, आणि ते कोणत्या आवृत्तीतले आहे हेही पाहावे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील ‘चिल टच’चा पल्ला २०१४ च्या नियमांत १२० फूट होता, २०२४ च्या सुधारित नियमांत तो मंत्र खरोखरच स्पर्शाने टाकावा लागतो. दोन खेळाडूंसमोर दोन वेगळी पुस्तके असतील, तर तेथे संदिग्धता मुळात नाहीच. पुढील उदाहरणे २०१४ च्या नियमांतील आहेत.

वाचताना लक्ष्य सांगणाऱ्या शब्दाला सर्वाधिक महत्त्व द्यावे. ‘फायर बोल्ट’ जीवावर किंवा वस्तूवर टाकता येतो, ‘एल्ड्रिच ब्लास्ट’च्या वर्णनात मात्र फक्त जीवाचा उल्लेख आहे; त्यामुळे त्याने कुलूप फोडता येईल का, या प्रश्नाचे उत्तर शब्दांतच सापडते. विशिष्ट नियम सर्वसाधारण नियमाला मागे सारतो, हे तत्त्वही विसरू नये. मंत्राच्या लक्ष्यापर्यंत मार्ग मोकळा असावा आणि ते पूर्ण आडोशामागे नसावे, हा सर्वसाधारण नियम आहे. पण ‘फायरबॉल’ची आग कोपऱ्यांभोवती पसरते असे त्याच्या वर्णनात स्पष्ट म्हटले असल्याने, स्फोटाच्या २० फूट त्रिज्येत खांबाआड दडलेला शत्रूही सापडू शकतो.

खरी अडचण वर्णन गप्प असते तेथे येते. ‘फायरबॉल’ने बंद दार उखडते का? वर्णनात आग आहे आणि कोणी अंगावर घातलेल्या वा हाती धरलेल्या नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात असेही आहे, परंतु धक्क्याचा उल्लेख नाही. आता त्याच पुस्तकातील ‘शॅटर’ पाहावा: जादुई नसलेल्या आणि कोणाच्या अंगावर वा हाती नसलेल्या वस्तूंनाही इजा होते, असे तेथे स्वतंत्र वाक्य आहे. लेखकांना वस्तूंची मोडतोड हवी असते तेव्हा ते तसे लिहितात, हे यावरून दिसते. त्यामुळे लाकडी दार पेटेल, पण त्याच क्षणी बिजागऱ्यांतून निखळून पडणार नाही. जवळच्या दुसऱ्या मंत्राशी अशी तुलना करणे हा माझ्या मते अर्थ लावण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे, आणि तो वापरला जातो त्याहून फार अधिक वेळा वापरायला हवा.

तरीही दोन अर्थ उरले, तर मंत्राची पातळी, म्हणजे त्याच्या ताकदीची श्रेणी, पाहावी. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ने उघड्या भांड्यात पाणी निर्माण होते, मग फुप्फुसांना उघडे भांडे मानून शत्रूला बुडवता येईल, अशी युक्ती अनेकांना सुचते. हा अर्थ मान्य केला, तर पहिल्या पातळीचा मंत्र सेव्हिंग थ्रोशिवाय (लक्ष्याला बचावासाठी फासा टाकू न देता) जीव घेऊ लागेल, आणि तेही ‘पॉवर वर्ड किल’ हा नवव्या पातळीचा मंत्र १०० किंवा त्याहून कमी हिट पॉइंट्स (पात्राची उरलेली जीवनशक्ती मोजणारे गुण) असलेल्यालाच मारू शकत असताना. असा अर्थ नाकारावा. कल्पकतेला दाद द्यायचीच असेल, तर थोडा लहान परिणाम द्यावा. मात्र तो त्या प्रसंगापुरता आहे, हे तेव्हाच सांगावे.

‘सजेशन’सारख्या मंत्रांत लेखकांनी निर्णय मुद्दाम डंजन मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधारावर, सोपवलेला असतो. सुचवलेली कृती वाजवी वाटायला हवी, आणि स्वतःला भोसकून घेण्यासारखी उघड घातक आज्ञा दिल्यास मंत्र संपतो. या दोन टोकांमधल्या सूचनांसाठी एक प्रश्न उपयोगी पडतो: हाच मंत्र शत्रूच्या जादूगाराने खेळाडूंवर टाकला असता, तर हाच अर्थ सर्वांना न्याय्य वाटला असता का? उत्तर ‘नाही’ आले, तर अर्थ एका बाजूला झुकलेला आहे.

लढाई ऐन रंगात असताना हे सारे तपासत बसू नये. डंजन मास्टरने तात्पुरता निर्णय द्यावा, तो टिपून ठेवावा आणि सत्र संपल्यावर प्रकाशकांचे अधिकृत खुलासे व दुरुस्त्या पाहून कायमचा निर्णय करावा. तो बदलला, तर झालेली लढाई मागे फिरवू नये. पण ज्या खेळाडूने जुन्या अर्थावर विसंबून तो मंत्र शिकून घेतला होता, त्याला त्याऐवजी दुसरा निवडण्याची मुभा अवश्य द्यावी.